पक्ष बदलणारा प्रत्येक जण संधिसाधूच असतो का?

तटस्थ_वाचक:
पक्ष सोडणाऱ्याला आपण सरसकट संधिसाधू ठरवतो. पण त्याचे मत खरोखरच बदलले असेल, किंवा पक्षानेच आपली भूमिका गुंडाळून ठेवली असेल, तर त्याने काय करावे? तत्त्वासाठी केलेले पक्षांतर आणि सत्तेसाठी मारलेली कोलांटउडी वेगळी ओळखायची कशी?

मीमांसक:
जुन्या पक्षाच्या तिकिटावर मिळालेली जागा तो सोडतो की नाही, एवढे पाहावे. १९४८ मध्ये काँग्रेसमधला समाजवादी गट पक्षातून बाहेर पडला, तेव्हा आचार्य नरेंद्र देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संयुक्त प्रांताच्या (आजच्या उत्तर प्रदेशाच्या) विधानसभेतील जागांचे राजीनामे दिले. नरेंद्र देव फैजाबादच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि हरले. उलट १९८० मध्ये इंदिरा गांधी केंद्रात परतताच हरियाणाचे मुख्यमंत्री भजनलाल जनता पक्षाच्या आमदारांची फौज घेऊन काँग्रेसमध्ये गेले. पक्ष बदलला, खुर्ची तीच राहिली.

पाटीकोरी:
नरेंद्र देवांबद्दल दुमत नाही, पण राजीनाम्याची कसोटी आता पुरत नाही, कारण राजीनामा हाच सौद्याचा भाग झाला आहे. २०१९ मध्ये कर्नाटकात सत्ताधारी आघाडीच्या आमदारांनी राजीनामे दिले, सरकार कोसळले, विधानसभा अध्यक्षांनी त्यांना अपात्रही ठरवले. तरी डिसेंबरमधील १५ पोटनिवडणुकांत भाजपने १२ जागा जिंकल्या आणि पक्ष बदलून निवडून आलेल्यांपैकी बहुतेकांना दोनच महिन्यांत मंत्रिपदे मिळाली. मतदारांसमोर जाण्याचा सोपस्कार तर पार पडला, मग याला तत्त्वनिष्ठा म्हणायचे का? माझ्या लेखी जागा सोडली की नाही यापेक्षा पदरात काय पडले, हे अधिक बोलके आहे.

जुना_सभासद:
दोघांच्याही म्हणण्यात कायदा राहून गेला. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने घटनेत दहावे परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आले. त्यातली एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला असलेली सूट २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने काढली, पण दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची पळवाट शाबूत राहिली. परिणामी, एखाद्या विधेयकावर सदसद्विवेकाला स्मरून पक्षादेशाविरुद्ध मत देणारा एकटा आमदार आपली जागा गमावू शकतो आणि घाऊक भावाने फुटणारे मात्र सहीसलामत सुटतात (हा विनोद घटनेच्या पुस्तकात असावा, हे विशेष). पक्षादेश मोडल्याबद्दलची अपात्रता विश्वासमतासारख्या, सरकारच्या अस्तित्वाशी निगडित मतदानापुरतीच ठेवावी, असे निवडणूक सुधारणांसाठी नेमलेल्या दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सुचवले होते. ती शिफारस कायद्यात उतरलेली नाही.