डाळिंबाच्या बागेतलं शेपटीवालं बारकं फुलपाखरू, हीच का सुरसा?

साक्रीचा_डाळिंबवाला: राम राम मंडळी. भगवा जातीच्या डाळिंबाची बाग आहे, फळं लिंबाएवढी झालीयेत. तीन-चार दिवसांपासून बारकी राखाडी फुलपाखरं कोवळ्या फळांवर घिरट्या घालताहेत, मागच्या पंखाला केसासारखी शेपटी आहे. पोरगी फोटो काढत बसते अन् मला सुरसा अळीची, म्हणजे फळ पोखरणाऱ्या अळीची धास्ती, मागच्या बहारात लई फळं गेली. पण बांधावरच्या बोरीवर पण एक शेपटीवालं बसतं, ते पिवळट आहे. दोन्ही एकच का भो? फवारू का?

पाखरूवेडा_धुळे: भाऊ, नुसत्या शेपटीवर जाऊ नका, हेअरस्ट्रीक गटात शेपटीवाले लई आहेत. पंख मिटून बसलं की खालची बाजू बघा. बोरीवरचं पिवळट, त्यावर लालसर पट्टे अन् पट्ट्यात चांदीची रेघ, एकेका मागच्या पंखाला दोन-दोन शेपट्या असतील तर ते सिल्व्हरलाइन, त्याची अळी बोरीचा पाला खाते अन् मुंग्या तिची राखण करतात, डाळिंबाला त्याचा काही त्रास नाही. तुमच्या बागेतलं राखाडी-तपकिरी, पांढऱ्या कडेचे पट्टे, शेपटी एकच अन् तिच्या बुडाशी नारिंगी कडेचा काळा ठिपका असेल तर ते विराचोला, म्हणजे सुरसा अळीचंच फुलपाखरू. नर उडताना वरून निळा-जांभळा चमकतो, मादी तपकिरी अन् पुढच्या पंखावर नारिंगी डाग. अन् बसल्यावर शेपटी हलवतं ते नीट बघा, ठिपका डोळा वाटतो अन् शेपटी मिशी, सरडा तिकडं तोंड मारतो अन् पाखरू खऱ्या डोक्याच्या बाजूनं सुटतं. मागचा पंख फाटलेलं दिसलं की समजायचं वाचून आलंय, मला तर असं दिसलं की फार बरं वाटतं.

सटाण्याची_ताई: दादा, फुलपाखरू दिसलं म्हणून लगेच फवारू नका, मधमाश्या मरतील अन् फळधारणेलाच फटका बसेल. मादी फुलाच्या पाकळीबुडाशी नाहीतर कोवळ्या फळावर एकेक अंडं घालते, अळी एकदा आत शिरली की वरून औषध पोचत नाही. भोक पडलेलं, बाहेर विष्ठा आलेलं, वास मारणारं फळ तोडून गोळा करा अन् खोल पुरा, बांधावर फेकू नका, कोष पण बहुतेक फळातच करते. चांगल्या फळांना बटर पेपरच्या पिशव्या घाला. अन् शेजारी पेरू, चिंच असेल तर तिथं पण बघा, ती फळं पण चालतात तिला.

साक्रीचा_डाळिंबवाला: बघितलं. बागेतलं एकशेपटी, ठिपकेवालं, म्हणजे सुरसाच. भोकाची नऊ फळं सापडली, पुरली. बोरीवरच्याला चांदीच्या रेघा आहेत अन् फांदीवर मुंग्या पण, पोरीला सांगितलं ती बोर तोडायची नाही.