किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या बाबांना घेऊन लांबचा विमानप्रवास: हवा, ट्रे, टॉयलेट, पाणी

पुण्याची_लेक:
माझ्या बाबांचं किडनी ट्रान्सप्लांट झालेलं आहे. आता तब्येत छान आहे, रोज सकाळी फिरून येतात. धाकट्या बहिणीला न्यू जर्सीत मुलगी झाली आणि बारशाला जायचंच असं बाबांनी ठरवलंय. डॉक्टरांनी परवानगी दिली, पण "इन्फेक्शन सांभाळा" यापुढे बोलायला त्यांना वेळ नव्हता. मुंबईहून थेट विमान घेतलं तरी पंधरा-सोळा तास.
घरात रोज नवीन काहीतरी ऐकतेय. आत्या म्हणते, बंद डब्यात तीच तीच हवा फिरते. मावसभाऊ म्हणतो, हवेचं सोड, ट्रे सगळ्यात घाण. कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे मला कळायला हवंय. बाबा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांवर आहेत, त्यामुळे "काही होत नाही हो" हे उत्तर कृपया नको.

कल्याण_ते_एडिसन:
आमच्या सासूबाई दरवर्षी येतात. बसल्या बसल्या ट्रे, हातरेस्ट, पट्ट्याचं बक्कल आणि समोरचा स्क्रीन वाइप्सने पुसायचा, हा आमचा नियम. सॅनिटायझरची बाटली १०० मिलीच्या आतली घ्या, नाहीतर सिक्युरिटीत काढून ठेवतात. आणि रुमालात कापूर-ओव्याची पुरचुंडी. नाक मोकळं राहतं, जंतूही लागत नाहीत.

हँगरवाले_काका:
ताई, मी विमान देखभालीतला माणूस, आता निवृत्त. केबिनच्या हवेची यंत्रणा हेच माझं काम होतं, म्हणून आधी आत्याबाईंच्या शंकेबद्दल लिहितो.
विमान उडत असताना केबिनमधली साधारण अर्धी हवा बाहेरून येते. बहुतेक विमानांत ती इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून येते. तिथे ती इतकी तापलेली असते की जंतूंचा प्रश्न उरत नाही, मग थंड करून आत सोडतात. उरलेली अर्धी केबिनचीच, पण मोठ्या जेट विमानांत ती हेपा फिल्टरमधून जाते. ०.३ मायक्रॉनचे कण हा फिल्टर ९९.९७ टक्के अडवतो. तासाला २० ते ३० वेळा केबिनची हवा बदलते. शिवाय ती छताकडून येऊन त्याच ओळींच्या पायाशी भिंतीलगतच्या जाळीतून निघून जाते. पुढच्या टोकापासून शेपटापर्यंत वाहत जात नाही. (छोट्या, जुन्या विमानांत हेपा असेलच असं नाही. तुमचं विमान मोठं असणार.)
मात्र हे सगळं यंत्रणा चालू असेल तर. १९७७ मध्ये अलास्कात ५४ माणसं घेऊन निघालेलं एक जेट इंजिनाच्या बिघाडामुळे तीन तास जमिनीवर अडकलं. बहुतेक लोक आतच बसून राहिले, हवेची यंत्रणा बंद होती, आणि एका प्रवाशाला फ्लू होता. ७२ तासांत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले. जो जितका जास्त वेळ आत बसला, त्याला धोका तितका जास्त. आमच्या कामात ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटत आली आहे. लोक आकाशातल्या हवेला घाबरतात आणि जमिनीवर, दारं उघडी असताना, गर्दीत मास्क खाली करून गप्पा मारतात.
म्हणून बाबांचा मास्क एरोब्रिजवर (टर्मिनलमधून विमानाच्या दारापर्यंत जाणाऱ्या बोळात) पाय ठेवण्याआधी चढवा, विमान वर स्थिरावेपर्यंत काढू नका. उतरतानाही तसंच. डोक्यावरचं हवेचं नोजल बंद करू नका. म्हाताऱ्या माणसांना गार लागतं म्हणून घरचे ते पहिलं बंद करतात. त्यापेक्षा शाल द्या आणि झोत चेहऱ्याच्या किंचित पुढे येईल असा वळवा.
दुसरी गोष्ट शेजाऱ्याची. फिल्टर कितीही चांगला असला तरी हातभर अंतरावरून खोकणाऱ्याचे तुषार फिल्टरपर्यंत जायच्या आधी तुमच्यापर्यंत येतात. १५ मार्च २००३ च्या हाँगकाँग–बीजिंग विमानात सार्सचा (श्वसनाच्या गंभीर साथीच्या आजाराचा) एक रुग्ण होता. त्याच्या पुढच्या तीन ओळींतल्या २३ पैकी ८ जणांना आजार झाला, बाकीच्या ८८ पैकी १० जणांना. म्हणजे जवळ बसणं वाईटच, पण लांब बसलेले सगळे वाचले असंही नाही. बाबांना खिडकी द्या, मधे तुम्ही बसा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात खिडकीत बसणाऱ्यांचा इतरांशी संपर्क सगळ्यात कमी येतो असं दिसलं, कारण ते उठतात कमी आणि येणारे-जाणारे त्यांना घासून जात नाहीत.
सीटच्या खिशाबद्दल मात्र मी कडक आहे. वापरलेले टिश्यू, लंगोट, उलटीच्या पिशव्या, सगळं त्यात निघतं आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या घाईत कापड धुतलं जात नाही. २०१४ मध्ये ऑबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी पाहिलं, एमआरएसए हा अनेक अँटिबायोटिक्सना दाद न देणारा जंतू खिशाच्या कापडावर सात दिवस जिवंत राहिला. औषधं, चष्मा, मोबाईल, काहीही त्यात ठेवू नका. पायाशी स्वतःची पिशवी ठेवा.

वॉर्डातली_सिस्टर:
काकांचं हवेबद्दलचं अगदी बरोबर. अमेरिकेत हॉस्पिटलच्या नव्या आयसोलेशन खोलीलाही तासाला किमान १२ वेळा हवा बदलण्याची अट आहे. त्यावरून विमानाच्या २० ते ३० चा अंदाज येईल.
पुरचुंडीबद्दल स्पष्ट सांगते, कारण ट्रान्सप्लांटचे पेशंट मी सांभाळते. नाक मोकळं वाटेल, विषाणू अडणार नाही. पुरचुंडी हुंगायला मास्क खाली करणार असाल तर ती घरीच ठेवा. एन-९५ मास्क चेहऱ्याला नीट बसणारा हवा, दाढी असेल तर काढा. जेवण आलं की आजूबाजूचे सगळे एकदम मास्क काढतात, म्हणून बाबांना त्यांचं आटोपल्यावर जेवायला द्या.
फ्लूची लस किमान दोन आठवडे आधी. जिवंत विषाणू असलेली कुठलीही लस ट्रान्सप्लांटच्या पेशंटला परस्पर घ्यायची नाही, नेफ्रॉलॉजिस्टलाच (किडनीच्या डॉक्टरांनाच) विचारा. गोळ्या हॅन्डबॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट, आणि तिथली वेळ बदलल्यावर डोस कसे हलवायचे ते लिहून घ्या.
टॉयलेटला मोज्यांवर जाऊ देऊ नका, बूट घाला. जमिनीवरचं ओलं नेहमी पाणीच असतं असं नाही. साबणाने वीस सेकंद हात, मग दाराची कडी टिश्यूने धरून उघडा, जागेवर येऊन सॅनिटायझर. हा क्रम महत्त्वाचा, कारण उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस नुसत्या सॅनिटायझरला दाद देत नाही, त्याला साबणच लागतो.

पुण्याची_लेक:
काका, सिस्टर, मनापासून आभार. हे सगळं छापून बाबांनाही वाचायला दिलंय. दोन प्रश्न राहिले. बाबांना दर दोन तासांनी चहा लागतो, विमानातला चालेल का? आणि विमान जमिनीवर अडकून पडलं तर हवा चालू आहे की नाही, हे प्रवाशाला कळतं का?

हँगरवाले_काका:
चहा टाकीतल्या पाण्याचा असतो. २००४ मध्ये अमेरिकेत विमानांच्या टाक्यांतलं पाणी तपासलं तेव्हा सुमारे १५ टक्के विमानांत कोलिफॉर्म (पाणी दूषित असल्याची खूण मानले जाणारे जंतू) सापडले, त्यानंतर तिथे नियम कडक झाले. केबिनमधला दाब ६ ते ८ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा असतो, त्यामुळे तिथे पाणी ९२ ते ९४ अंशांनाच उकळतं, आणि चहाला ते खळखळून उकळतही नाहीत. तुम्ही-मी खुशाल प्यावा. बाबांना मी देणार नाही. सीलबंद बाटलीचं पाणी द्या, बर्फ नको. चहा विमानतळावर, गेटजवळ उकळता मिळाला तर पाजून घ्या.
हवेचं कळतं. नोजलसमोर तळहात धरा. झोत नसेल आणि केबिन गरम, कोंदट व्हायला लागली तर पुरेशी हवा येत नाहीये असं समजा. लगेच क्रूला बोलवा आणि "वडिलांचं ट्रान्सप्लांट झालंय, एपीयू किंवा जमिनीवरून हवा चालू करायला सांगा" असं स्पष्ट म्हणा. (एपीयू म्हणजे मुख्य इंजिनं बंद असताना वीज आणि हवा पुरवणारं विमानातलं छोटं इंजिन.) उशीर अर्ध्या तासाहून जास्त होणार असेल तर जमिनीवरही पुरेशी हवा पुरवावी, असं टीबी आणि विमानप्रवासाबद्दलच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात आहे. तरीही हवा आली नाही, तर उतरून टर्मिनलमध्ये थांबायची परवानगी मागा. व्हीलचेअर सांगितली असेल तर ती त्यांना सगळ्यात आधी आत नेऊन बसवते, म्हणून बाबांना चालता येत असेल तर शेवटी चढू द्या, असं चेक-इनलाच सांगून ठेवा.