प्रोग (प्रोग्रेसिव्ह) रॉकमध्ये खरंच नवीन काही होतंय का? अलीकडचे अल्बम सुचवा

मेलोट्रॉनवेडा (पुणे)

नमस्कार मंडळी. मी दहावीत असताना मावसभावाने येस आणि जेनेसिस या बँडच्या कॅसेटी भरून दिल्या होत्या, तेव्हापासून प्रोग ऐकतोय. गेली दोनेक वर्षं लोकांनी नवीन म्हणून जे जे सुचवलं ते सगळं मन लावून ऐकलं आणि दरवेळी तेच झालं, तोच मेलोट्रॉन (टेपवर भरलेले सूर वाजवणारा जुना कीबोर्ड), तोच हॅमंड ऑर्गन, आठव्या मिनिटाला येणारा तो गिटार सोलो, कव्हरवर हवेत तरंगणारे डोंगर. वाजवतात फार छान, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण १९७३ ला ते संगीत प्रोग्रेसिव्ह होतं कारण तसं आधी कोणी केलं नव्हतं ना? पन्नास वर्षांनी तेच हुबेहूब वाजवलं तर ती जुनी आठवण झाली, पुढे जाणं कुठे झालं त्यात?

किंग क्रिमझन या बँडचंच बघा. १९७४ ला 'रेड' केला, बँड बंद, आणि १९८१ ला 'डिसिप्लिन' घेऊन परत आले तर मेलोट्रॉन पूर्ण गायब, दोन गिटारी गॅमेलानसारख्या (इंडोनेशियातला घंटा-वाद्यांचा ताफा) एकमेकींत विणलेल्या. ज्यांची लोक आज नक्कल करतायत ते स्वतः सात वर्षांत इतके पुढे गेले होते!

तर मला २०२२ नंतरचे अल्बम हवेत, सुटी गाणी नकोत, अख्खा अल्बम एका बैठकीत ऐकता आला पाहिजे. ग्राउल (घशातून गुरगुरत गाणं) मला फारसे झेपत नाहीत पण तेवढ्यासाठी चांगली गोष्ट सोडणार नाही.

सातमात्रा

मग सरळ ग्राउलपासूनच सुरुवात करा दादा. ब्लड इन्कँटेशनचा 'अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर', ऑक्टोबर २०२४. डेन्व्हरचा डेथ मेटल (फार जड, गुरगुरतं मेटल) बँड आहे, अल्बममध्ये दोनच रचना, 'द स्टारगेट' आणि 'द मेसेज', प्रत्येकीचे तीन भाग, त्या भागांना ते टॅब्लेट म्हणतात. बर्लिनला हान्सा स्टुडिओत जाऊन रेकॉर्ड केलाय, म्हणजे जिथे डेव्हिड बोवीचा 'हीरोज' अल्बम झाला तिथे, आणि स्टारगेटच्या दुसऱ्या टॅब्लेटमध्ये टँजरीन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचा थॉर्स्टन क्वेश्निंग स्वतः सिंथ (सिंथेसायझर) वाजवतो.

आता तुम्ही म्हणाल मेटलमध्ये सिंथ घातला की झालं का नवीन, तर तसं नाहीये, ऐका तुम्ही. बरेच बँड काय करतात, जोरदार भाग, मग एक शांत इंटरल्यूड, मग परत जोरदार, भेळेत वरून शेव टाकावी तसं. इथे डेथ मेटलचा भाग विरघळत विरघळत सत्तरीच्या जर्मन इलेक्ट्रॉनिक्समध्ये कधी जातो ते कळत नाही, आणि परत मेटल येतं तेव्हा मधल्या त्या शांततेमुळे ते दुप्पट वजनाचं वाटतं. २०२२ ला यांनी 'टाइमवेव्ह झीरो' म्हणून पूर्ण अँबियंट (शांत, तरंगत्या सुरांची) रेकॉर्ड केली होती, ड्रम नाही ग्राउल नाही, तेव्हा डेथ मेटलवाले बरेच वैतागले होते. पण ती केली नसती तर हा अल्बम झालाच नसता असं माझं ठाम मत आहे. फ्रेटलेस बासकडे (मानेवर फ्रेट म्हणजे सुरांच्या पट्ट्या नसलेली बास गिटार) लक्ष ठेवा, मींडेसारखा घसरत जातो, ग्राउल सहन होत नसतील तर नुसता तो बास धरून ऐका.

तिहाई_फॅन

वरचा अल्बम मस्तच, आणि योगायोग म्हणजे माझी शिफारस पण त्याच दिवशी आली होती, ४ ऑक्टोबर २०२४. जॉर्डी ग्रीपचा 'द न्यू साउंड'.

ग्रीप म्हणजे लंडनच्या ब्लॅक मिडी बँडचा गायक-गिटारिस्ट. त्यांचा २०२२ चा 'हेलफायर' ऐकला नसेल तर तो पण ऐका, पण तो ऐकताना धाप लागते, श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नाही. बँड थांबला आणि याने एकट्याच्या नावावर जे केलं ते कोणी अपेक्षिलं नव्हतं, साओ पाउलोला जाऊन तिथले वादक घेतले, साल्सा, सांबा, जुन्या हॉटेलातल्या ऑर्केस्ट्रासारखं गाणं, सगळं मिळून तीसपेक्षा जास्त वादक आहेत अल्बमवर. याला प्रोग म्हणायचं का यावर लोक भांडतात, मी म्हणतो म्हणायचंच. रचना प्रोगच्याच आहेत, 'द मॅजिशियन' बारा मिनिटांचं आहे आणि त्यात एक मिनिट फुकट नाही, फक्त पोशाख दुसराच.

आणि विषय बघा. ड्रॅगन नाही, अंतराळ नाही. फुशारक्या मारणारे, आतून पार पोकळ आणि एकटे पुरुष, एकामागून एक. पहिल्यांदा ऐकताना चाल इतकी आनंदी असते की तुम्ही पाय हलवता, दुसऱ्यांदा शब्द ऐकलेत की अंगावर काटा येतो. गाणं आणि त्यातला माणूस असे विरुद्ध दिशेला खेचत राहणं, हे मला प्रोगमध्ये कधी इतकं भेटलं नव्हतं.

पवई२००९

मी जरा वेगळं बोलतो. नवीन म्हणजे दर वेळी नवीन आवाजच हवा का? डिसेंबर २००९ ला आयआयटी बॉम्बेच्या मूड इंडिगो महोत्सवाला पॉर्क्युपाइन ट्री हा बँड आला होता तेव्हा मी तिथे होतो, आजही ती रात्र डोळ्यासमोर आहे, त्यामुळे त्यांच्या स्टीव्हन विल्सनबद्दल मी हळवा आहे हे आधीच सांगून टाकतो. त्याचा 'द ओव्हरव्ह्यू' मार्च २०२५ ला आला. दोनच ट्रॅक, एक तेवीस मिनिटांचा आणि एक अठरा, जुन्या एलपीच्या दोन बाजूंसारखे. साचा अगदी सत्तरीतला, म्हणजे तुमच्या तक्रारीत बसणारा.

पण विषय ऐका. अंतराळवीर वरून पृथ्वी बघतात आणि त्यांच्या आत कायमचं काहीतरी हलतं, त्याला ओव्हरव्ह्यू इफेक्ट म्हणतात, त्यावर अख्खा अल्बम आहे. पहिल्या बाजूला एक भाग आहे त्याचे शब्द एक्सटीसी बँडच्या अँडी पार्ट्रिजने लिहिलेत, त्यात खाली रस्त्यावरची रोजची साधी दुःखं आणि त्याच ओळीत वर ताऱ्यांचं काय चाललंय ते. दुसऱ्या बाजूची सुरुवात तर मला फारच आवडते, इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर विल्सनची बायको रोटेम शांतपणे आकार वाचत जाते, दहाचा सहावा घात, मग त्याच्या पुढचा, ग्रह, तारे, वाढत वाढत. नुसते आकडे आणि नावं! मी रात्री गच्चीत हेडफोन लावून ऐकलं, आणि आपण किती लहान आहोत हे पुस्तकात शंभरदा वाचलं होतं, पण ते अंगाला जाणवलं ते त्या दिवशी. साचा जुना असला तरी हे मला आधी कोणी दिलं नव्हतं.

सातमात्रा

@पवई२००९ मान्य, पण पहिल्या बाजूत पिंक फ्लॉइडची सावली जरा जास्तच आहे. आकड्यांच्या भागाबद्दल मात्र शंभर टक्के सहमत.

श्रुतीप्रेमी

पटकन दोन. ओपेथ बँडचा 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट', नोव्हेंबर २०२४. १९२० च्या दशकातल्या एका श्रीमंत घरातलं मृत्युपत्राचं वाचन, गाण्यांना नावंच नाहीत, कायदेशीर कागदावर असतात तसे परिच्छेदाचे आकडे, फक्त शेवटच्या गाण्याला नाव. जेथ्रो टल बँडच्या इयान अँडरसनचा आवाज आणि बासरी आहे. त्यांच्या 'वॉटरशेड' अल्बमनंतर म्हणजे २००८ नंतर पहिल्यांदा ग्राउल आलेत, आणि ते मेलेल्या बापाच्या रागासाठी वापरलेत, त्यामुळे कारण आहे त्यांना.

दुसरं, मेलबर्नचा बँड किंग गिझर्ड. २०२३ ला दोन जुळे अल्बम काढले, 'पेट्रोड्रॅगॉनिक अपॉकलिप्स' थ्रॅश (वेगवान, आक्रमक) मेटल आणि 'द सिल्व्हर कॉर्ड' पूर्ण सिंथवर, दोन्हीत सात सात गाणी. तुमच्या अटीत बसत नाही पण त्यांचा २०१७ चा 'फ्लाइंग मायक्रोटोनल बनाना' ऐकाच, गिटारला जादा फ्रेट बसवून पाव सुरांत वाजवलाय. आपल्या कानाला श्रुतींची सवय असते म्हणून असेल, मला ते सूर बेसुरे वाटलेच नाहीत, माझ्या मित्राला मात्र पहिला अर्धा तास गिटार उतरलेली वाटत होती.

मेलोट्रॉनवेडा (पुणे)

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय कारण सगळं नीट ऐकल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

ब्लड इन्कँटेशन पहिल्या दोन वेळा जमला नाही, खरं सांगतो. तिसऱ्या वेळी @सातमात्रा ने सांगितलं तसं बास धरून ऐकला आणि दुसऱ्या टॅब्लेटमध्ये ते सिंथ उघडलं तेव्हा मी स्वयंपाकघरात हातातलं काम सोडून उभा राहिलो. शेवटचं असं केव्हा झालं होतं ते आठवत नाही. आता रोज चालू आहे, घरचे सहन करतायत.

ग्रीप मला आवडला म्हणण्यापेक्षा त्रास देतो, पण सोडवत नाही. एकदा शब्द समोर ठेवून ऐकल्यापासून ती गाणी नुसती गुणगुणताही येत नाहीत. ओव्हरव्ह्यूबाबत मी दोघांच्या मध्ये आहे, पहिली बाजू ऐकताना जुन्या ओळखीच्या घरात आल्यासारखं वाटलं, दुसरी बाजू मात्र खरंच नवी जागा आहे.

ओपेथ अजून निम्माच झालाय. मायक्रोटोनलवाला या रविवारी मावसभावाकडे घेऊन जातोय, तो आता साठीला आलाय आणि १९७५ नंतरचं काही ऐकत नाही.