पवित्र शास्त्र पुन्हा उघडलंय, पण वाचताना आवाज अजून त्यांचाच येतो

प्रश्न : दुमडलेलं पान

मंडळी, म्हणजे आमचं चर्च, सोडून मला ११ वर्षं झाली. आधी मी प्रश्न विचारले, मग मला सगळ्यांसमोर उभं केलं आणि शेवटी माझ्याशी कुणी बोलायचं नाही असं ठरलं. सख्खी बहीण तेव्हापासून बोलत नाही. त्यावर आज लिहिणार नाही, कारण लिहायला बसले की दुसरं काही सुचत नाही.

शास्त्राची, म्हणजे बायबलची, जुनी प्रत मात्र मी टाकली नव्हती. कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात होती. गेल्या महिन्यात काढली आणि त्यातलं ईयोब उघडलं, सगळं गमावलेल्या एका माणसाचं पुस्तक. पाचव्या अध्यायातलं सतरावं वचन मला आजही पाठ आहे. देव ज्याला ताडन करतो तो धन्य, तेव्हा त्याची शिक्षा झिडकारू नको, असा त्याचा भाव. माझं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं तेव्हा मी २२ वर्षांची होते. वडीलजनांपैकी, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांपैकी, एक जण घरी आले, उभ्या उभ्या एवढंच वचन वाचून गेले. मी त्याखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली आणि नंतर कितीतरी रात्री आपलं काय चुकलं असेल ते आठवत पडून राहायचे.

या खेपेला रेघेशी थांबले, मग पानं मागे उलटली. हे बोलतंय कोण ते बघायचं होतं. चौथ्या अध्यायाच्या सुरुवातीला नाव सापडलं : अलीफज तेमानी. ईयोबाचा मित्र! तिथून शेवटापर्यंत वाचत गेले. बेचाळिसाव्या अध्यायात देव याच अलीफजाला सांगतो की तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर माझा राग भडकलाय, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं योग्य बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत.

मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिले. ज्या माणसावर देव रागावला त्याचं वाक्य मला देवाचं म्हणून दिलं गेलं होतं, आणि मी ते तसंच घेतलं.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे पुस्तक मी तेव्हा दोनदा पूर्ण वाचलं होतं, वार्षिक वाचनक्रमात. मग मला हे दिसलं कसं नाही? आणि दुसरं, अजूनही कुठलंही पान उघडलं की त्या वडीलजनांचाच आवाज कानात येतो, त्यांच्या त्या ठरावीक चढउतारांसकट. तो जातो का? तुम्ही काय केलंत?


पाऊलवाट :

ताई, माझ्या कानातला तसा आवाज जायला दोन वर्षं लागली. पूर्ण गेला असं म्हणणार नाही.

मला उपयोग झाला तो वचनांचे आकडे काढून टाकण्याचा. हे आकडे लेखकांनी घातलेले नाहीत. अध्याय पाडले गेले तेराव्या शतकात, आणि नव्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या येशूपासून सुरू होणाऱ्या भागातल्या, वचनांना आज आहेत ते आकडे रोबेर एस्तियेन या मुद्रकाने १५५१ मध्ये दिले. त्याआधी हजार-दीड हजार वर्षं लोक हेच मजकूर सलग वाचत होते. आमच्याकडे मात्र संदेश म्हणजे आकड्यांची माळ असायची. इथलं एक वचन, तिथलं एक, मध्ये काय आहे ते बघायला वेळच मिळायचा नाही. अंगठा पानात ठेवून पुढचं पान शोधायचं, एवढंच.

मी योना हे छोटं पुस्तक हाताने वहीत उतरवून काढलं. चारच अध्याय आहेत. आकडे गाळले, जिथे बोलणारा बदलतो तिथे नवी ओळ घेतली. लहानपणापासून ते मला आज्ञाभंगाची शिक्षा म्हणून शिकवलेलं, सगळा भर पळून जाणाऱ्या योनाला गिळणाऱ्या माशावर. उतरवताना लक्षात आलं की मासा दुसऱ्या अध्यायातच संपतो. शेवटचा अख्खा अध्याय योना का चिडलाय यावर आहे. ज्या नगराला नाशाचा इशारा द्यायला त्याला पाठवलं, ते निनवे नाशातून वाचलं म्हणून तो चिडलाय! आणि पुस्तक देवाच्या प्रश्नावर थांबतं : एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि इतकी जनावरं ज्यात आहेत त्या नगराची मी कीव करू नये का? योनाचं उत्तर दिलेलंच नाही. हाताने लिहिताना डोळे पळत नाहीत, म्हणून सांगतेय.


जुना विद्यार्थी :

पाळक होण्यासाठी शिकलो, पुढे ते काम सोडलं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला साध्या हिशेबात दिसतं. ६६ पुस्तकांचे ११८९ अध्याय वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार अध्याय होतात. म्हणजे पाचव्या अध्यायातला अलीफज आणि बेचाळिसाव्यातला देवाचा राग यांच्यात दहा-अकरा दिवस जातात. मधली जवळजवळ सगळी भाषणं, एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी जाणारी. खूण केली की पुढे. यात तुमचा दोष नाही.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही, नाहीतर उद्या कुणीतरी तीच तुमच्यापुढे टाकेल. अलीफजाचं प्रत्येक वाक्य खोटं आहे असं शास्त्र म्हणत नाही. त्याच पाचव्या अध्यायातलं तेरावं वचन प्रेषित पौलाने नव्या करारातल्या करिंथकरांस पहिल्या पत्रात प्रमाण म्हणून घेतलंय. शिक्षेचा विचार नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातही आहे आणि इब्री लोकांस पत्रात तो पुन्हा येतो. पण अलीफज ते कुणाला ऐकवतोय ते पाहा. दहा मुलं एका दिवसात गेलेल्या बापाला. आठव्या अध्यायात दुसरा मित्र बिल्दद तर सरळ म्हणतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल. हेच तिघे आधी सात दिवस सात रात्री ईयोबाजवळ जमिनीवर बसले होते, एक शब्द न बोलता. तुमच्याकडे आलेले गृहस्थ उभ्या उभ्या वाचून गेले असं तुम्ही लिहिलंत. ते वाचून मला फार वाईट वाटलं.


निळी शाई :

मी पुन्हा वाचत नाही. प्रत देऊन टाकली, बरं वाटलं. वाचायलाच हवं असं कुणी तुम्हाला सांगत असेल तर तेही ऐकू नका. हात थरथरायला लागले तर बंद करून ठेवा.


तिसरा बाक :

माझ्या बाबतीत ते वचन नव्या करारातल्या मत्तय या पुस्तकातलं १८:१७ होतं. मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला परराष्ट्रीय किंवा जकातदार (तेव्हा लोक ज्याला पापी म्हणून दूर ठेवत तो करवसुली करणारा) समज. एवढं वाचून मला काढलं. घरच्यांनी जेवणाचं ताटही वेगळं केलं.

पुढे कधीतरी अठरावा अध्याय सलग वाचला. त्या सूचनेच्या लगेच वर हरवलेलं मेंढरू आहे, नव्व्याण्णव सोडून एकाला शोधायला जाणारा मेंढपाळ. खाली येशूचा शिष्य पेत्र विचारतो, किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तर येतं : सातांच्या सत्तर वेळा. आणि जकातदाराला कसं वागवायचं ते त्याच पुस्तकाच्या नवव्या अध्यायात आहे. येशू जकातनाक्यावर बसलेल्या मत्तयाला बोलावतो आणि मग जकातदारांच्या पंगतीला बसून जेवतो. परंपरेने हे पुस्तक त्याच मत्तयाच्या नावावर आहे.

घरच्यांना हे दाखवलं. फरक पडला नाही. पण मला झोप लागायला लागली.


दुमडलेलं पान :

सगळ्यांचे आभार. निळी शाई, तुमचं खास. दोन दिवस बंदच ठेवलं होतं.

काल तिसरा अध्याय मोठ्याने वाचला, माझ्या स्वतःच्या आवाजात, दार लावून. ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो तो अध्याय. त्यात तो उजेड न पाहिलेल्या अर्भकांचा उल्लेख करतो. म्हणतो, तसा मी असतो तर आता निवांत असतो, जिथे थकलेल्यांना विसावा मिळतो. माझ्या प्रतीत हे लाल रेघेच्या फक्त दोन पानं आधी आहे. त्या दिवशी कुणी मला काही वाचून दाखवायचंच होतं, तर हे वाचून दाखवता आलं असतं. मी रडले असते, पण स्वतःचं पाप शोधत बसले नसते.

तीन-चार ओळींनंतर तो आवाज आला. मी थांबले, पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं.

लाल रेघ खोडली नाही. तिच्या शेजारी समासात पेनाने 'अलीफज' असं लिहून ठेवलं. पाऊलवाट, योनासाठी वही आणलीय. तुम्ही संवाद वेगळ्या रंगात लिहिले होते का?