ॲप दिलं की बचत गट मोठा होतो म्हणे!

नाचणीवाली

काल इथं 'बाणेर_बॅकएंड' यांनी लिहिलं: "पुण्यातले सामाजिक उद्योग वर्षानुवर्षं तेवढेच का राहतात? डिजिटल नाहीत आणि भागीदारी करत नाहीत. एक ॲप करा, एक मोठी कंपनी सोबत घ्या, 50 बायकांचं काम 5,000 बायकांपर्यंत जाईल." खाली टाळ्यांचा पाऊस. तिथेच उत्तर देणार होते, पण लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

मी वेल्ह्याकडच्या गटांचा माल पुण्यात विकते. नाचणीचे लाडू, पापड, कुरडया, इंद्रायणी तांदूळ. तुम्ही सांगता ते दोन्ही करून झालंय, साहेब.

आधी भागीदारी. एका कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चातून, टॅब दिले, मार्चमध्ये. मार्चच का? 31 मार्चला आर्थिक वर्ष संपतं, त्याआत खर्च दाखवायची घाई. पण मार्च म्हणजे कुरडयांचा हंगाम. बायका पहाटे उठून चीक घाटतायत आणि आम्हाला मेल: 31 तारखेच्या आत प्रशिक्षण उरका, जिओटॅगचे, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले, फोटो पाठवा. कामं टाकून बायका नऊवारी नेसून आल्या, फोटो झकास आले. पुढच्या वर्षी कंपनीचा विषय बदलला, झाडं लावायची ठरली. टॅबचं रिचार्ज कुणी मारायचं हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

मग ॲप. ऑर्डर येते, पण रेंज फक्त देवळाच्या कट्ट्यावर. बाईच्या खात्याला नंबर जोडलेला मुलाचा. मुलगा शिरवळला कंपनीत, पाळीवर जाताना फोन गेटवर जमा. ओटीपी त्या गेटवर. इकडे कोथरूडची गिऱ्हाईक म्हणते पैसे पाठवले, तिकडे बाई म्हणते आले नाहीत, आणि मधे मी.

आम्हाला काय हवं होतं? गावातल्या बारावी झालेल्या दोन मुलींना वर्षभराचा पगार. ऑर्डर बघतील, हिशेब लिहितील, बायकांना बँकेत घेऊन जातील. त्याला पैसे नाहीत. टॅबला आहेत.

बाणेर_बॅकएंड

ताई, वाईट राबवलं म्हणून ॲपच वाईट? रेंज नाही म्हणता, तर साध्या फोनवरून इंटरनेटशिवाय चालणारं यूपीआय 123पे मार्च 2022 पासून आहे. ऑनलाइन विकायचं तर जीएसटी नोंदणी लागतेच, असं कुणी सांगितलं असेल तर तेही जुनं झालं. उलाढाल मर्यादेच्या आत असेल आणि माल राज्यातल्या राज्यात विकत असाल, तर 1 ऑक्टोबर 2023 पासून सक्ती नाही. माहिती करून घ्यायची नाही आणि तंत्रज्ञानाला नावं ठेवायची, हा आपल्याकडचा जुना छंद आहे.

नाचणीवाली

123पे लाही बँकेत जोडलेलाच नंबर लागतो. तो मुलाचाच. छंद आम्हालाही बरेच आहेत, वेळ मिळत नाही.

जीएसटीचं मात्र आमच्या सीएने सांगितलं नव्हतं. घ्या, एक गुण तुम्हाला.

ताळेबंद

सीएंचा विषय निघालाच आहे तर. कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली मोठ्या कंपन्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सीएसआरवर खर्च करतात, पण मार्चची घाई कायद्याने लादलेली नाही. चालू प्रकल्प म्हणून मंजूर केला तर सुरू झालेलं वर्ष सोडून पुढे तीन वर्षं चालवता येतो. उरलेले पैसे वर्ष संपल्यावर 30 दिवसांत वेगळ्या खात्यात टाकायचे, बस.

दुसरं, "पगाराला पैसे देता येत नाहीत, 5 टक्क्यांची मर्यादा आहे" हे सगळीकडे ऐकवतात. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्पावर राबणाऱ्या मुलींचा पगार त्यात धरतच नाहीत. तरी टॅब का देतात? टॅबवर स्टिकर चिकटतो.

आणि बाणेर, तुमचे स्टार्टअपवाले मित्र प्रायव्हेट लिमिटेड काढून सीएसआर मागत फिरतात. अंमलबजावणीसाठी ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम 8 ची, म्हणजे नफा न वाटणारी, कंपनी लागते, वर 12ए, 80जी या आयकराच्या नोंदण्या आणि सीएसआर-1 ही सीएसआरची नोंदणी. आधी ते वाचा म्हणावं.

जुना_कोथरूडकर

भागीदारी म्हटलं की सगळ्यांना कंपनीच का आठवते? घरचं उदाहरण घ्या. 1993 साली कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली. आधी संघटना, ओळखपत्रं. त्यातून 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था, आणि 2008 पासून महापालिकेशी करार. हजारो बायका उकिरड्यावरून उठून दारोदार कचरा घ्यायला लागल्या. तेव्हा यूपीआय जन्मालाही आलं नव्हतं. कामाचा हक्क पदरात पडला, म्हणून काम वाढलं.

खराडी_फेज2

गोड गोष्ट आहे. पण पैसे कोण देतं? मिळकतकर आम्ही भरायचा आणि वर दर महिन्याला कचऱ्याचे वेगळे. एकाच कामाचे दोनदा पैसे. याला भागीदारी म्हणतात? आणि रविवारी दांडी.

जुना_कोथरूडकर

आली का गाडी तिथंच. घरोघरच्या संकलनासाठी शुल्क घ्यायची तरतूद 2016 च्या घनकचरा नियमांतच केली होती. तुमच्या लिफ्टच्या देखभालीपेक्षा ते किती कमी असतं, बघा जरा. दांडी म्हणे! तुम्ही रविवारी ऑफिसला जाता का?

खराडी_फेज2

लिफ्ट आमच्या पैशांची आहे. मुद्द्यावर बोला. पेठेत बसून उपनगरांना अक्कल शिकवायची सवय सोडा.

जुना_कोथरूडकर

कोथरूड पेठेत नाही. नकाशाचं ॲप आहे ना तुमच्याकडे?

सदाशिव30

पेठेला मधे घेऊ नका. बाकी चालू द्या.

संपादक

मिळकतकरावर वेगळा धागा काढा.

खराडी_फेज2

वेगळा कशाला, इथंच होऊ द्या. आमच्या सोसायटीने तर सांगितलंय, क्यूआर लावा, मगच पैसे. रोख कुणाच्या खिशात जातं कुणाला कळतं?

वेचकाची_लेक

खिशात जातं ते माझ्या आईच्या. आजवर नुसती वाचत होते.

आईने औंधमध्ये बरीच वर्षं कचरा उचलला. पहिल्या तारखेपासून पैसे मागत फिरायचं. "मागच्या आठवड्यात दिले ना मावशी", "साहेब गावाला गेलेत", "सुट्टे नाहीत". सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून लाल ठिपका काढा म्हणून संस्थेने किती सांगितलं, तरी उघडंच हातात येणार. त्याच हाताने पैसे घेताना बायका नोट लांबून टाकायच्या. तुम्हाला दोनदा भरल्यासारखं वाटतं, आईला एकदा मिळवताना नाकी नऊ यायचे.

क्यूआरचं सांगते, कारण दोन्ही बाजूंचे लोक न बघता बोलताहेत. कार्ड गळ्यात आलं आणि "दिले ना" हा प्रकार मिटला, कुणी भरलं नाही ते फोनवर दिसायला लागलं. पण पैसे पडले ते कर्जाच्या खात्यात. पाच तारखेला बँकेने हप्ता कापला, वर किमान शिल्लक नाही म्हणून दंड. रोख मिळायचं तेव्हा आई आधी तेल-पीठ आणायची आणि हप्त्याला चार दिवस थांबवायची. ती मुभा गेली. शेवटी मी दुसरं खातं उघडून दिलं, नंबर आईचाच जोडला आणि बसून शिकवलं. शिकायला तिला वेळ लागला नाही. शिकवायला बसणारं माणूस मिळायला वर्षं लागली.

बाणेर_बॅकएंड

हे पोस्ट आधी यायला हवं होतं. म्हणजे क्यूआर उपयोगी पडला, हे तरी मान्य?

वेचकाची_लेक

पडला. त्याचं श्रेय कुठल्या सादरीकरणात घालू नका.

खराडी_फेज2

आईंबद्दल आदर आहे. पण कराचा मुद्दा तसाच राहतो.

ताळेबंद

राहू दे. तुमच्याकडेच राहू दे.

बाणेर_बॅकएंड

नाचणीवाली ताई, ॲप बाजूला ठेवू. "माणसांचा पगार द्या" हे म्हणणं बरोबर आहे, पण वर्ष संपल्यावर त्या दोन मुलींचं काय? पगारही सीएसआरचा, म्हणजे तोही बंद होणार. विक्री वाढल्याशिवाय तो सुटणार नाही, आणि तुम्ही एकट्या फोन उचलून विक्री कितीशी वाढवणार?

नाचणीवाली

हा प्रश्न टॅब देणाऱ्यांनी विचारला असता तर मी त्यांना चहा पाजला असता. मला तरी असं दिसतं, की पगार आधी दोन-तीन वर्षांचा हवा आणि त्या काळात ठरलेली गिऱ्हाइकं लागायला हवीत, म्हणजे पुढे मालातूनच पगार निघेल. आत्ता माझी ठरलेली गिऱ्हाइकं ओळखीतली आहेत, तेवढ्यात भागत नाही.

तुमच्या बाणेरच्या सोसायटीत किती फ्लॅट?

बाणेर_बॅकएंड

412.

नाचणीवाली

मग भागीदारी करा. महिन्यातला एक शनिवार, सकाळी टेम्पो तुमच्या गेटच्या आत. तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आदल्या रविवारी यादी टाका, ऑर्डर आणि पैसे तुम्ही गोळा करा. ॲप लागत नाही.

बाणेर_बॅकएंड

कल्पना चांगली आहे. पण बाहेरच्या विक्रेत्यांना आत घ्यायचं नाही असा कमिटीचा ठराव आहे. पार्किंग अडतं म्हणतात.

जुना_कोथरूडकर

5,000 बायका गेटवरच अडल्या!

बाणेर_बॅकएंड

हसा. कमिटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेतो. चेअरमन ऐकतील याची खात्री नाही.

नाचणीवाली

घ्या. कुरडयांची ऑर्डर फेब्रुवारीअखेरपर्यंतच. नंतर तुम्ही मागितल्या तरी मिळणार नाहीत.

खराडी_फेज2

आमच्याकडे टेम्पो येऊ शकतो. भाव काय?