जागा बदलल्यावर पहिलीच मोठी काच तडकली. भट्टी बिघडली की माझंच काही चुकलं?

नीलकाच
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात स्टुडिओ हलवला. भट्टीत काचेचे तुकडे वितळवून जोडायचं काम अकरा वर्षं एका अंधाऱ्या मागच्या खोलीत केलं. आता पूर्वेला मोठी खिडकी आहे आणि भट्टीसाठी जाड वायरची स्वतंत्र लाइन ओढून घेतली आहे. सामान खोक्यांतच होतं तेव्हा दोन आठवडे सवड काढून प्रदर्शनं आणि संग्रहालयं बघत फिरले. खूप वर्षं राहून गेलं होतं.

ब्रिटिश म्युझियममधला लायकर्गसचा पेला मी फोटोत शंभर वेळा पाहिला असेल. चौथ्या शतकातला रोमन पेला. समोरून उजेड पडला की शेवाळी हिरवा, आणि उजेड आरपार गेला की माणकासारखा लाल. काचेत सोन्याचांदीचे ५० ते १०० नॅनोमीटरचे कण आहेत, त्यांची ही करामत. हे सगळं वाचलेलं होतं. पण पेल्यावर कोरलेल्या, वेलींमध्ये अडकलेल्या लायकर्गस राजाच्या अंगापाशी लाल रंग जांभळ्याकडे झुकतो, ते तिथे उभं राहिल्यावरच कळलं. मग व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेले. तिथल्या काचेच्या दालनात काचशिल्पकार डॅनी लेनचा १९९४ चा कठडा आहे, साध्या फ्लोट काचेचे तुकडे एकावर एक रचलेला. खिडकीला बसवतो तीच काच! वरून बघितली तर रंगहीन, कडेने बघितली तर गर्द हिरवी.

परत आल्यावर माझ्या भिंतीवर टांगायच्या प्लेट्स बघितल्या आणि वाईट वाटलं. पांढऱ्या भिंतीला चिकटवल्या की त्यांच्यात उजेड शिरतच नाही. म्हणून ठरवलं, आता उभी राहणारी, जाड, दोन्ही बाजूंनी बघता येईल अशी काच करायची. ३० बाय ४० सेंमी, १२ मिमी जाड, चारी बाजूंनी बांध घातलेली, मधून निळा पट्टा. ८०५ अंशांवर फ्यूज (तुकडे वितळून एकजीव होणं), ४८२ वर दोन तास अॅनीलिंग (आतला ताण निघावा म्हणून एकाच तापमानावर थांबवणं), पुढे ताशी ५५ अंशांनी उतरण. जुन्या जागी याच प्रोग्रॅमने याच जाडीच्या कितीतरी प्लेट्स नीट निघाल्या आहेत. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर आडवी तडकलेली.

हलवताना भट्टीला काही झालं असेल का? आणि दुसरं, काम करायचं टेबल खिडकीसमोर ठेवू की खिडकीला पाठ करून?

भट्टीशेजारी
नीलकाच ताई, प्रोग्रॅमला हात लावू नका. आधी हातमोजा घालून तडकलेल्या कडेवर बोट फिरवा. कड गोलसर, वितळल्यासारखी असेल तर काच तापताना तडकली आणि मग वर जाऊन तिच्या कडा मऊ झाल्या. धारदार असेल तर गार होताना तडकली. अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

भट्टी हलवली की मी तीन गोष्टी बघतो. थर्मोकपलचं, म्हणजे भट्टीचं तापमान मोजणाऱ्या दांडीचं टोक पूर्वीइतकंच आत आहे का? ते मागे सरकलं तर कंट्रोलर एक आकडा दाखवतो आणि काचेला वेगळाच ताप मिळतो. दुसरं झाकण. दिवे बंद करून ८०० च्या आसपास बाहेरून फटीकडे बघा, एकाच बाजूला लाल रेघ जाड दिसली तर झाकण वाकडं बसलंय. तिसरं, शेल्फवर पाणसळ ठेवा. जमीन समपातळीत असली तरी शेल्फ असेलच असं नाही. आणि झाकण किती अंशांवर उघडलंत?

नीलकाच
उघडलं तेव्हा आत ४० अंश होते. कड धारदार आहे, मोज्याचा धागा निघाला. म्हणजे गार होतानाच.

थर्मोकपल आणि झाकण दोन्ही ठीक. पाणसळीचा बुडबुडा मात्र एका बाजूला गेला. प्लेट मोजली तर एक कड ११ मिमी आणि समोरची १३. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शेल्फचे पाय आता नीट लावून घेतलेत.

कवडसा
दोन मिलीमीटरच्या फरकाने त्या उतरणीला काच तडकेल असं मला वाटत नाही. ताई, तडा नेमका कुठून कुठे गेलाय? रंगाच्या कडेकडेने जातोय का? अॅनीलिंग कमी पडलं तर तडा बहुधा वळणं घेत रंगांना आडवा कापत जातो. दोन काचांचं एकमेकींशी पटत नसेल तर तो त्यांच्या सांध्याला धरून जातो.

नीलकाच
तुमचं वाचलं आणि पोटात गोळाच आला. तडा निळ्या पट्ट्याच्या कडेने नऊ सेंमी सरळ गेलाय, मग वळून बाहेर पडलाय.

सामान हलवताना एक खोकं फाटलं होतं. त्यातले निळे तुकडे मी घाईत दुसऱ्या निळ्या तुकड्यांच्या बादलीत टाकले. एका खोक्यात सीओई (तापल्यावर काच किती प्रसरण पावते त्याचा आकडा) ९० असलेली काच होती, दुसऱ्यात एका जुन्या कामातली उरलेली ९६. रंग डोळ्यांना अगदी सारखे. अकरा वर्षांत ही बादली मी कधी मिसळू दिली नव्हती.

कवडसा
मग अंदाज करत बसू नका, चाचणी करा. तुमच्या खात्रीच्या पारदर्शक काचेची पट्टी घ्या. बादलीतले पाच-सहा निळे तुकडे अंतर ठेवून तिच्यावर मांडा आणि शेवटी त्याच पारदर्शक काचेचा एक तुकडा ठेवा, तुलनेसाठी. पूर्ण फ्यूज करा, नीट अॅनील करा. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा, पट्टी त्याच्यासमोर धरा आणि कॅमेऱ्याच्या पोलरायझिंग फिल्टरमधून बघत पडदा काळा होईपर्यंत फिल्टर फिरवा. ज्या तुकड्याभोवती उजेडाची झालर दिसेल तो परका. पट्टी पूर्ण गार झाल्यावरच बघा आणि टोकाला धरा, बोटांच्या उबेनेही उजळ डाग दिसतात.

धारकरी
एक भर घालतो. सीओईचा आकडा सारखा असला म्हणजे काचा जुळतातच असं नाही. गार होताना कोणती काच कधी घट्ट होते त्यावरही ताण ठरतो. त्यामुळे आकडा बघून नाही, चाचणी करूनच.

टेबलाचं म्हणाल तर, दोन्ही लागतं. काच कापायला उजेड डाव्या खांद्यावरून आलेला बरा (मी उजवा आहे), नाहीतर रेघ मारताना आपल्याच हाताची सावली पडते. पण रंग निवडायला खिडकीत एक अरुंद फळी बसवा आणि तुकडे तिच्यावर उभे करून बघा. टेबलावर आडवी ठेवलेली काच फसवते. स्टॅनिस्लाव लिबेन्स्की आणि यारोस्लावा ब्रिख्तोव्हा या चेक काचशिल्पकार जोडप्याची ओतीव कामं कुठे बघायला मिळाली तर सोडू नका. एकच रंग, पण जाडी बदलत नेलेली. पातळ जागी उजेड वाहतो, जाड जागी अडतो. तुम्हाला उभ्या काचेत जे करायचंय ते त्यात आहे.

नीलकाच
चाचणी झाली. सहा निळ्या तुकड्यांपैकी दोघांच्या कोपऱ्यांना पांढरी झालर आहे, अगदी स्पष्ट. पारदर्शक तुकडा मात्र जागेवर शोधावा लागला, इतका शांत आणि काळा. भट्टीवर उगाच संशय घेतला. कवडसा, भट्टीशेजारी, तुमच्यामुळे पुढच्या तीन-चार प्लेट्स वाचल्या.

बादली पूर्ण बाजूला काढली आहे. निळे तुकडे रोज थोडे थोडे तपासतेय, खात्री पटलेल्यावर पांढऱ्या मार्करने खूण करतेय. धारकरी, खिडकीत फळी बसवली. तडकलेल्या प्लेटचा मोठा तुकडा सध्या तिच्यावर उभा आहे. सकाळी साडेसातच्या सुमाराला ऊन त्या तड्यात शिरतं आणि तड्याची अख्खी भिंत आतून चकाकते, निळा रंग तेवढा तिथेच पातळ होतो. तो परिणाम जाडी बदलून, काच न तडकवता आणायचा आहे. साच्यात ओतून कोणी केलंय का असं? १२ वरून २५ मिमीला जायचं तर माझ्या तक्त्यात ४८२ वर चार तास आणि पुढे ताशी १५ अंश दिलेत. एकाच तुकड्यात दोन्ही जाड्या असतील तर उतरण सगळ्यात जाड जागेची धरायची की त्याहूनही मंद?