मानकुरादची पाटी

कधीच पकडलं जाणार नसेल तर काय चोराल? बँका, हिरे, कोहिनूर तुम्हीच न्या. मी गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मानकुराद आंब्यांची अख्खी पाटी उचलीन. हंगामाच्या सुरुवातीला डझनाचा भाव ऐकूनच घाम फुटतो. बाई देठाशी चीक सुकलेला आंबा नाकापुढे धरते, वर "व्हर रे बाबा, साकर!" (ने रे बाबा, साखर आहे!) म्हणते, आणि आपण खिसा चाचपत पुढे सरकतो. शिवाय पणजीच्या फोंतेन्यासमधली एखादी निळी-पांढरी आझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीची चकचकीत रंगीत फरशी... पण ती माझ्या हातून भिंतीतून काढतानाच फुटणार. १९११ साली लूव्रमधून मोनालिसा पळवणाऱ्या पेरुज्जाने ती दोनेक वर्षं लपवली होती. मानकुराद घरात दोन दिवस लपवून दाखवा! वासावर शेजारचे काका दारात हजर.